गिरणीतली पोरं आणि महायुद्ध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या काळात बालमजुरीवर देशव्यापी बंदी आली, नऊ महिने टिकली आणि गेली. या प्रकरणावर बोलायला बसलं की तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते एकदाचे एका जागी मांडले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत; प्रश्नच तसे होते.

युद्धातली बालमजुरी म्हणजे हातात बंदूक दिलेली मुलंच ना?

नाही. तो वेगळा आणि भयंकर विषय आहे, पण इथला नाही. इथली मुलं आघाडीपासून हजारो मैल लांब होती. सैनिकांच्या गणवेशाचं, तंबूंचं, मलमपट्टीचं सूत काढणाऱ्या गिरण्यांत, कोळशाच्या खाणींत, शेतांवर. त्यांच्यावर कुणी गोळी झाडली नाही. त्यांची शाळा सुटली, एवढंच.

युद्धाच्या आधी अमेरिकेत अशी किती मुलं होती?

१९१० च्या जनगणनेत १० ते १५ वर्षांची जवळजवळ २० लाख मुलं कमावती म्हणून नोंदली गेली. या वयोगटातल्या दर शंभरातली अठरा. बहुतेक शेतांवर राबत होती, त्यातही घरच्याच शेतावर. उरलेली कापडगिरण्या, काचकारखाने, मासळी आणि भाज्या डबाबंद करणारे कारखाने, रस्त्यावरची वर्तमानपत्र विक्री अशी विखुरलेली.

दक्षिणेकडच्या सूतगिरण्यांचं चित्र सगळ्यांत ठळक आहे, कारण त्याचे फोटो उरले. जॉर्जियातल्या मेकन शहरातला जानेवारी १९०९ चा एक फोटो घ्या. दोन पोरं कताईच्या यंत्रावर चढून उभी आहेत. खाली उभं राहून हात पोचत नाही, म्हणून यंत्राच्या कडेवर पाय रोवून रिकाम्या बाबिणी बदलायच्या, तुटलेला धागा सांधायचा. एकाचे पाय अनवाणी. यंत्र चालू.

पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या मुलांचं काम बसून होतं, म्हणून ते सोपं असेल असं वाटतं. घसरणीवरून कोळसा खाली येत राहायचा आणि वर फळीवर ओणवं बसून त्यातले दगड हातांनी वेचायचे. बोटं सुजायची, सोलायची. धूळ इतकी की समोरचं दिसायचं नाही. मागे काठी घेतलेला मुकादम.

गिरणीमालक म्हणायचे की आमच्याकडे इतकी लहान मुलं नोकरीवर नाहीतच. ते खोटं होतं का?

कागदावर पुष्कळदा खरं होतं, आणि मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत चीड येते ती इथे. दक्षिणेत अख्खं कुटुंब गिरणीच्या चाळवजा वस्तीत राहायचं. आई साच्यावर, थोरली बहीण साच्यावर, आणि धाकटा त्यांच्या ‘मदतीला’. पगारपत्रकावर त्याचं नाव नाही. त्याने सांधलेले धागे आईच्या किंवा बहिणीच्या कामात मोजले जायचे. तपासनीस आला की उत्तर तयार: तो कामाला नाही हो, जेवणाचा डबा घेऊन आलाय.

‘मदत’ हा शब्द पुढेही लक्षात ठेवा. युद्ध सुरू झाल्यावर तोच शब्द नवे कपडे घालून परत आला.

मग हे बाहेर कसं आलं?

नॅशनल चाइल्ड लेबर कमिटी ही संस्था १९०४ मध्ये स्थापन झाली. तिने १९०८ मध्ये लुईस हाईन या शिक्षकी पेशातल्या माणसाला छायाचित्रकार म्हणून नेमलं. तो कधी आगीचा निरीक्षक बनून, कधी पोस्टकार्ड किंवा बायबल विकणारा बनून, कधी यंत्रांचे फोटो काढायला आलोय असं सांगून आत शिरायचा. यंत्र केवढं आहे ते कळायला शेजारी एखादं मूल उभं करू या, असं म्हणायचा. खिशात हात घालून न बघता कागदावर नोंदी करायचा. स्वतःच्या कोटाची कोणती गुंडी जमिनीपासून किती उंच आहे हे त्याला पाठ होतं. मूल समोर आलं की त्यावरून उंची कळायची. साउथ कॅरोलायनातल्या लँकास्टर इथे ३० नोव्हेंबर १९०८ ला त्याने टिपलेल्या एका मुलीच्या फोटोखाली उंची लिहिली आहे: ४८ इंच. म्हणजे चार फूट. गिरणीत येऊन तिला सहा महिने झाले होते.

संस्थेसाठी त्याने काढलेले पाच हजारांहून अधिक फोटो अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत आणि तिच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. फोटो बघाच, पण त्याखालच्या ओळी जास्त वाचा.

नऊ महिन्यांचा तो कायदा नेमका काय होता?

कीटिंग-ओवेन कायदा. कोलोरॅडोचे खासदार एडवर्ड कीटिंग आणि ओक्लाहोमाचे सिनेटर रॉबर्ट ओवेन यांच्या नावाने तो ओळखला जातो. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी १ सप्टेंबर १९१६ ला सही केली आणि बरोबर एका वर्षाने तो लागू झाला. मधल्या काळात, एप्रिल १९१७ मध्ये, अमेरिका युद्धात उतरली होती.

तिथल्या राज्यघटनेनुसार कारखान्यातलं काम हा राज्यांचा विषय. केंद्राच्या हातात होता राज्याराज्यांतला व्यापार. म्हणून कायदा मुलांना थेट हात घालत नव्हता, मालाला घालत होता. ज्या कारखान्यात १४ वर्षांखालची, किंवा ज्या खाणीत १६ वर्षांखालची मुलं कामाला आहेत, तिथला माल राज्याच्या हद्दीबाहेर पाठवायचा नाही. कारखान्यातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांना दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त, आठवड्यात सहा दिवसांपेक्षा जास्त आणि रात्रपाळीला लावायचं नाही.

शेतमजुरीचा त्यात समावेशच नव्हता. त्यामुळे २० लाखांतल्या जेमतेम दीड लाख मुलांना कायद्याचा आधार मिळेल असा अंदाज होता. आकडा ऐकून लोक नाराज होतात. पण नॉर्थ कॅरोलायनासारख्या राज्यात तेव्हा बारा वर्षांचं मूल गिरणीत चालत होतं, आठवड्याला ६० तासांपर्यंत.

जन्मदाखले नव्हते तर वय कसं ठरवायचे?

आपल्याकडे एका पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, त्याचं कारण सगळ्यांना ठाऊक आहे: गुरुजींनी शाळेत नाव घालताना टाकून दिलेली तारीख. दक्षिणेकडच्या अमेरिकी राज्यांत परिस्थिती फार वेगळी नव्हती. जन्मनोंदणी धड नव्हती आणि आईबाप सांगतील ते वय.

अंमलबजावणीची जबाबदारी होती १९१२ मध्ये स्थापन झालेल्या चिल्ड्रेन्स ब्युरोकडे. त्याच्या प्रमुख ज्युलिया लॅथ्रॉप. त्यांनी या कामासाठी ग्रेस ॲबट यांना बोलावून घेतलं. जिथे राज्याच्या दाखल्यांवर विसंबता येत नव्हतं तिथे ब्युरोची माणसं स्वतः वयाचे दाखले देऊ लागली. घरातल्या बायबलच्या कोऱ्या पानावर मुलांचे जन्म लिहून ठेवायची तिकडे पद्धत होती, ती पानं पुरावा म्हणून तपासली जायची. शाई कालची की पंधरा वर्षांपूर्वीची, हे बघणं आलंच.

युद्धामुळे नक्की काय बदललं?

पुरुष लष्करात गेले किंवा दारूगोळ्याच्या कारखान्यांत आणि जहाजबांधणीच्या गोद्यांत जादा पगारावर गेले. मागे जागा रिकाम्या. महागाई वाढली, घरात पैसा पुरेना. आणि कालपर्यंत ज्या पोराला कुणी विचारत नव्हतं त्याला दारात येऊन मजुरी देणारा माणूस भेटू लागला. या तीन गोष्टी एकत्र आल्या की शाळेचा बाक रिकामा होतो, त्याला कुणाचा कट लागत नाही.

त्यात देशभक्तीची भर. पीक शेतात उभं आहे, सैनिकांना धान्य हवं, मुलांनी मदत नको का करायला? शेतीच्या कामासाठी मुलांना शाळेतून सोडायला अनेक ठिकाणी परवानगी मिळाली. काही राज्यांनी युद्ध संपेपर्यंत कामगार कायदे बाजूला ठेवण्याचे अधिकारही देऊन टाकले. १६ ते २१ वयाच्या मुलांना शेतावर पाठवणारी बॉइज वर्किंग रिझर्व्ह ही सरकारी योजना त्यामानाने शिस्तीची होती, वयाची अट तरी होती. त्रास व्हायचा तो १६ च्या खालच्यांना ‘आपणहून’ कामाला धाडणाऱ्या गावोगावच्या उत्साहाचा.

ब्युरोकडे एक गोष्ट होती, इंग्लंडचा अनुभव. लढणाऱ्या देशांत मुलांचं काय झालं याचा आढावा त्यांनी १९१७ मध्येच छापला. इंग्लंडने युद्धाच्या पहिल्या वर्षापासून शेतीसाठी आणि कारखान्यांसाठी शाळेचे नियम सैल केले होते. ऑगस्ट १९१७ मध्ये तिथले शिक्षणमंत्री एच. ए. एल. फिशर यांनी संसदेत सांगितलं की तीन वर्षांत सहा लाख मुलं वेळेआधी शाळेतून काढून कामाला लावली गेली. दुसऱ्याला ठेच लागलेली आपल्याला दिसत असेल तर आपण जपून चालावं, एवढंच लॅथ्रॉप सांगत होत्या.

युद्ध चालू असताना असा कायदा कोर्टाने कसा काय रद्द केला?

युद्धाचा आणि खटल्याचा तसा संबंध नव्हता. गिरणीमालकांना कायदा पाडायचाच होता. दक्षिणेकडच्या कापड उद्योगाचं नियतकालिक चालवणारे डेव्हिड क्लार्क यात पुढे होते. पण मालकाने स्वतः कोर्टात जाऊन ‘मला लहान मुलं कामाला हवीत’ म्हणणं बरं दिसलं नसतं. म्हणून एक बाप शोधला.

रोलंड डॅगनहार्ट. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात तो आणि त्याची दोन मुलं, रूबेन आणि जॉन, एकाच सूतगिरणीत होते. एक मुलगा १४ च्या आतला, दुसरा १४ ते १६ मधला. कायदा लागू झाला तर धाकट्याचं काम जाणार, थोरल्याचे तास कमी होणार. बापाचं म्हणणं: माझ्या मुलांच्या कमाईवर माझा हक्क आहे, तो सरकार हिरावून घेतंय. वकिलांची फी त्याच्या खिशातून गेली नाही, हे सांगायला नको.

ऑगस्ट १९१७ च्या अखेरीस, कायदा लागू होण्याच्या तोंडावर, तिथले जिल्हा न्यायाधीश बॉइड यांनी त्याच्या बाजूने निकाल देऊन मनाई हुकूम काढला. म्हणजे गंमत बघा, सगळ्या देशात नऊ महिने जो कायदा होता तो रूबेनच्या गावात एक दिवसही नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाने ३ जून १९१८ ला ‘हॅमर विरुद्ध डॅगनहार्ट’ खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी कायदा रद्द केला. न्यायमूर्ती डे यांचं म्हणणं असं की सूत हे काही विष नाही. माल निरुपद्रवी आहे, तो कसा बनला हे बघणं केंद्राचं काम नाही. न्यायमूर्ती होम्स यांनी विरोधी निकालपत्र लिहिलं. दारूच्या वाहतुकीवर बंदी घातलेली तुम्हाला चालते आणि उद्ध्वस्त आयुष्यांतून निघालेल्या मालावर घातलेली चालत नाही, हे कसं, असा त्यांचा रोख होता. निकालपत्रं मी पुष्कळ वाचलेली नाहीत, पण हे दोन वेळा वाचलं.

मग सरकारने हात टेकले?

नाही, आणि इथे युद्धाचाच उपयोग झाला. त्या वेळी सर्वांत मोठं गिऱ्हाईक कोण? खुद्द सरकार. कायदा करता येत नसेल, पण आपण माल कुणाकडून घ्यायचा हे ठरवायला कोण अडवतंय? फेलिक्स फ्रँकफर्टर यांच्या अध्यक्षतेखालच्या वॉर लेबर पॉलिसीज बोर्डाने निकालानंतर काही आठवड्यांत ठराव केला की युद्धाच्या सरकारी कंत्राटांत मुलांच्या वयाची आणि तासांची कलमं घालायची. रद्द झालेल्या कायद्यातलीच. गणवेशाचं कापड पुरवायचं आहे ना, मग १४ खालचं मूल ठेवू नका.

अर्थात सरकारी कंत्राट नसलेल्या गिरण्यांना हे लागू नव्हतं. तिथे निकालानंतर जुने तास लगेच सुरू झाले, मुलंही परत आली.

‘बालक वर्ष’ काय भानगड होती?

युद्धात उतरल्याला एक वर्ष झालं त्या दिवशी, ६ एप्रिल १९१८ ला, ब्युरोने ‘चिल्ड्रेन्स इयर’ सुरू केलं. एका वर्षात एक लाख बालकांचे प्राण वाचवायचे, हे उद्दिष्ट. लष्करभरतीत तपासलेल्या तरुणांपैकी जवळपास तिसरा हिस्सा शारीरिक कारणांनी नापास झाला होता. लॅथ्रॉप यांनी हाच धागा पकडला. तुम्हाला धडधाकट सैनिक हवेत ना, मग लहानपणी बघा.

गावोगावच्या बायकांनी शाळांत, चर्चमध्ये, दुकानांत वजनकाटे मांडले आणि लहान मुलांची वजनं-उंची कार्डांवर लिहायला सुरुवात केली. हाईन गुंडीवरून चोरून उंची मोजत होता त्याला दहा वर्षंही झाली नव्हती. वर्षाच्या उत्तरार्धात शाळेकडे मोहरा वळला: सुटलेल्या मुलांना परत आणा, बसलेल्यांना टिकवा.

पण गरिबाच्या घरी पोराची कमाई बंद झाली तर खायचं काय? हे मोहीमवाल्यांना सुचलं नाही का?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि तो रास्त आहे. सुचलं होतं, उशिरा. मूल शाळेत राहावं म्हणून घराला त्याच्या बुडालेल्या मजुरीएवढी रक्कम शिष्यवृत्ती म्हणून द्यायची, हा मार्ग त्याच मोहिमेत पुढे आला. पैसे स्थानिक समित्यांनी उभे करायचे. जिथे उभे राहिले तिथे चाललं.

माझं मत विचाराल तर मोहिमेची लंगडी बाजू हीच. आणखी एक: सूतगिरण्यांत त्या काळी जवळजवळ सगळे कामगार गोरे होते. कापसाच्या शेतात राबणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्याला ना हाईनचे तेवढे फोटो आले, ना कायदा.

शेवटी बंदी आली कधी?

फार फिरून. १९१९ मध्ये मुलं राबवणाऱ्या कारखान्यांच्या नफ्यावर १० टक्के कर बसवला, तो १९२२ मध्ये कोर्टाने उडवला. १९२४ मध्ये संसदेने घटनादुरुस्ती मंजूर केली, तिला पुरेशा राज्यांचा पाठिंबा आजवर मिळालेला नाही. अखेर १९३८ चा फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट आला आणि १९४१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरताना १९१८ चा निकाल चुकीचा ठरवला. शेती मात्र अजूनही अर्धीमुर्धी बाहेरच. बारा वर्षांचं मूल आईबापांच्या संमतीने, शाळेची वेळ सोडून, शेतावर मजुरी करू शकतं.

दुसऱ्या महायुद्धात तरी शहाणपण आलं असेल?

कायदा होता, तरी गाडी त्याच वळणाने गेली. अनेक राज्यांनी नियम सैल केले. १९४० ते १९४४ या काळात कामावर जाणारी १४ ते १७ वयाची मुलं सुमारे तिपटीने वाढली आणि हायस्कूलमधली पटसंख्या दहा लाखांहून अधिकने घटली. या खेपेला गिरणीपेक्षा दुकानं, हॉटेलं, आणि बोलिंगच्या खेळघरांत पडलेल्या पिना उभ्या करणारी पोरं जास्त दिसतात. मध्यरात्र उलटेपर्यंत पिना मांडायच्या आणि सकाळी वर्गात पेंगायचं. १९४३ मध्ये ब्युरोने पुन्हा ‘शाळेत चला’ मोहीम काढली. पंचवीस वर्षांपूर्वीचाच मजकूर, थोडा चकचकीत छापलेला.

मुंबईच्या गिरण्यांशी याचा काही संबंध?

आहे. आपल्याकडेही लहान मुलं ‘हाफ-टायमर’ म्हणून भोंग्याबरोबर गिरणीत जात. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सातव्या वर्षापासून मुलाला कामावर ठेवता येत होतं, नऊ तास. १८९१ मध्ये ते वय नऊ झालं. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांत मुलांचे तास सहावर आणले.

युद्ध संपल्यावर ऑक्टोबर १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेची पहिली परिषद भरली ती वॉशिंग्टनमध्ये. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तिथे गेले होते ना. म. जोशी: रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावचे, भारत सेवक समाजाचे, मुंबईत सोशल सर्व्हिस लीग चालवणारे. कारखान्यात किमान वय १४ असावं असा करार तिथे झाला. भारतासाठी मात्र वेगळं कलम घातलं गेलं: यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि दहापेक्षा जास्त माणसं असलेल्या कारखान्यांत, खाणींत, रेल्वेत १२ वर्षं. त्यानुसार १९२२ मध्ये आपला कायदा बदलला. यजमान अमेरिका स्वतः त्या संघटनेची सदस्य झाली १९३४ मध्ये.

खटला जिंकलेल्या त्या मुलांचं पुढे काय झालं?

१९२३ मध्ये एक पत्रकार रूबेनला शोधत शार्लटला गेला. मुलाखत ‘लेबर’ या साप्ताहिकात आली, ज्याचे संपादक होते तेच एडवर्ड कीटिंग. रूबेन तेव्हा वीस वर्षांचा, लग्न झालेला, एका मुलाचा बाप. वजन १०५ पौंड, म्हणजे ४८ किलोही नाही. बाराव्या वर्षापासून दिवसाला बारा तास गिरणीत. शाळा अशी झालीच नाही.

सर्वोच्च न्यायालयात जिंकून तुला काय मिळालं, असं विचारल्यावर त्याने आठवून सांगितलं: बड्या वकिलांनी गाडीतून फिरवलं होतं आणि कोका-कोला पाजला होता. कायदा राहिला असता तर राज्यातल्या सगळ्या पोरांचं बरं झालं असतं, असं त्याचं मत होतं. बाप आता धाकट्या, पायाने अधू असलेल्या पंधरा वर्षांच्या बहिणीला गिरणीत घालायचं म्हणत होता. ते मी होऊ देणार नाही, असं तो म्हणाला.